सगळ्या गावाची नाडी बहात्तर

जमावबंदी होती, म्हणून गाव मठात जमलं होतं. चौकात चार माणसं उभी राहिली तर पोलिसाची काठी बसायची. मठाच्या आवारात मात्र सगळं गाव मांडीला मांडी लावून बसलं तरी विचारायला कोणी येत नव्हतं. मास्क बहुतेकांचे हनुवटीवर. मधोमध पाटावर प्राणलिंग महाराज. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन उंच धरून ते म्हणत होते, "हेदरबेडा, हेदरबेडा." म्हणजे कानडीत, घाबरू नका. निलंग्याच्या पलीकडं, सीमेला चिकटलेल्या आमच्या गावात एवढं कानडी सगळ्यांना कळतं आणि कानडी बोलणारा साधू जरा जास्तच खरा वाटतो.

मी इथल्या शाळेची शिक्षिका. शाळेला कुलूप लागून वर्ष उलटलं होतं. पोरांचे वर्ग मोबाईलवर आणि मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, त्यामुळे माझी पाचवी टाकीच्या जिन्यावर भरायची. उरलेल्या वेळात ताप मोजायचं आणि बोटाला लावायचं अशी दोन यंत्रं घेऊन घरोघर फिरायची ड्युटी. गावानं त्या वर्षात पुष्कळ शिकून घेतलं. लग्नं पहाटे उरकायला शिकलं, बाजार बंद तर भाजी दारात विकायला शिकलं, खोकला आला की तोंडात पदर कोंबून उठून जायला शिकलं. आणि संशय घ्यायला शिकलं. पुण्याहून परतलेल्या पोरावर संशय, लसीवर संशय, दवाखान्यावर तर सगळ्यात जास्त. मी गल्लीत दिसले की आतून कड्या लागायच्या. बाईचं मशीन मुद्दाम कमी दाखवतं आणि मग न्यायला गाडी येते, असं बोललं जायचं. सगळ्या जगावर संशय घेणारं हे गाव महाराजांवर घ्यायचा तेवढा विसरलं.

माझी शेजारीण दानम्मा. मुखेडहून बदली होऊन मी इथं आले तेव्हा पहिली भाकरी खाल्ली ती तिच्या चुलीवरची. एप्रिलात तिला दम लागायला लागला. एक भाकरी थापायची आणि भिंतीला टेकून बसायची. मी मशीन लावलं तर शहाऐंशी. हा आकडा पंचाण्णवच्या वर हवा. तिच्या नवऱ्याला, सिद्रामप्पांना, मी म्हटलं की आजच्या आज निलंग्याला न्या.

ते शांतपणे म्हणाले, "काल मठात अठ्ठ्याण्णव आलं, बाई. तुमचं खरं धरू का म्हाराजाचं?"

मला राग आला. त्यांचा नव्हे, त्या पाटावरच्या माणसाचा. दुसऱ्या दिवशी मी मठात जाऊन मागे बसले आणि नुसती बघत राहिले.

महाराजांची पद्धत अशी. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, त्यावर पाणी घालतात, भस्म लावतात आणि पूजा होईपर्यंत नजर लिंगावरून हलवत नाहीत. मधे बोलायचं नाही, त्या माणसाला कोणी शिवायचं नाही. महाराज समोरच्याच्या तळहातावर थर्मासातलं गंगाजळ सावकाश, खूप वेळ ओतायचे. मग त्याच हाताच्या बोटाला मशीन. आकडा अठ्ठ्याऐंशी, कधी नव्वद. बायका तोंडाला पदर लावायच्या. मग भाषण सुरू. "ऑक्सिजन म्हणजे काय? प्राण. प्राण काय सिलिंडरमधी ऱ्हातो? लोखंडाच्या नळकांड्यात प्राण ऱ्हायला असता तर लोहाराला देव म्हणलो असतो आपण." मग भस्माच्या झोळीत हात घालून बोट चोळायचे, सगळ्यांना डोळे मिटून नमः शिवाय म्हणायला लावायचे आणि पुन्हा मशीन. अठ्ठ्याण्णव. पुढ्यात शिध्याच्या टोपल्या, एखादीत चांदीची वाटीही.

मला खटकला तो दुसरा आकडा. मशीनवर ऑक्सिजनच्या खाली नाडीचे ठोके दिसतात. भस्म लावल्यावर म्हाताऱ्या लिंबाजीचे ठोके बहात्तर. बाळंतिणीचे बहात्तर. धावत आलेल्या व्यंकटीचेही बहात्तर. सगळ्या गावाची छाती एका तालावर कधीपासून चालायला लागली?

सोमवारी मी स्वतः पाटासमोर बसले. सिद्रामप्पा दानम्माला पुन्हा भस्म लावायला घेऊन आले होते. ती खांबाला टेकून बसली होती, ओठ काळसर पडलेले. मी माझं लिंग तळहातावर घेतलं. गंगाजळ पडलं आणि बोटं बधिर झाली. थर्मासात बर्फ होता. गारठलेल्या बोटात रक्त कमी फिरतं, मग चांगलं मशीनही कधी कधी कमी आकडा दाखवतं, हे आम्हाला ड्युटीवर पाठवताना सांगितलेलं होतं. कडेला ओरखडा असलेल्या त्या मशीनवर माझा आकडा एकोणनव्वद आला. गाव हळहळलं, काहींना बरंही वाटलं असावं.

नमः शिवाय सुरू झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी लहानपणापासून पूजेत कधी नजर हलवली नव्हती. त्या दिवशी हलवली. महाराजांचा हात मशीनसकट झोळीत गेला आणि बाहेर आला तेव्हा मशीनच्या कडेचा ओरखडा गायब होता.

दुसरं मशीन माझ्या बोटाला लागलं. अठ्ठ्याण्णव, बहात्तर. माझं काळीज तर घणासारखं वाजत होतं. मी लिंग गळ्यात घातलं, मशीन बोटावरून काढून मुठीत घेतलं, शिध्याच्या टोपलीतली एक भेंडी उचलली आणि तिला लावलं.

अठ्ठ्याण्णव. बहात्तर.

कोणीतरी फस्सकन हसलं. महाराज मात्र डगमगले नाहीत. म्हणाले, "शिध्याची भेंडी हाय ती. परसाद झाला तिचा. प्राण उतरणारच." आणि खरं सांगते, दोनतीन माना डोलल्या.

तेव्हा सिद्रामप्पा उठले. दाराशी गेले, आपली वहाण घेऊन आले आणि माझ्यापुढं धरली. वहाणेच्या अंगठ्याला मी मशीन लावलं. वहाणेचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, वहाणेची नाडी बहात्तर. आता कोणीच हसलं नाही.

झोळी मी उलटी केली. भस्मातून पहिलं मशीन निघालं, ओरखडा असलेलं, खरं. दुसरं नुसतं खेळणं होतं, काहीही चिमटीत द्या, तोच आकडा. महाराज बूट शोधायला लागले. पोरं त्यांच्या अंगावर धावली, तेव्हा आम्ही पोरांना आवरलं आणि पोलीसपाटलाला बोलावलं.

सिद्रामप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते माझ्याकडं संशयानंच बघत होते. "आता तुमचं बी वहाणंला लावा," ते म्हणाले. मी लावलं. नुसत्या रेघा आल्या, आकडा नाही. मग त्यांनी बायकोचा हात आपल्या दोन्ही हातांनी चोळून गरम केला आणि स्वतः मशीन लावलं. एक्क्याऐंशी.

त्यांनी लगेच गावातल्या मलप्पाचा टेम्पो बोलावला, दानम्माला उचलून आत बसवलं. निलंग्याला खाट नव्हती, म्हणून तसेच लातूरला गेले.

मी त्यानंतर घरोघर फिरताना हेच सांगत राहिले. संशय घ्या, जरूर घ्या, माझ्यावरही घ्या. पण अर्ध्यात सोडू नका. जो तपासू देतो आणि जो डोळे मिटायला सांगतो, त्या दोघांत फरक करा. आकडा सगळ्यांना सारखा येत असेल तर तो कुणाचाच नसतो. आणि पूजा घरी करा, ती श्वास मोजायचं काम करत नाही.

दानम्मा महिन्याभरानं परत आली, निम्मी होऊन. लातूरच्या दवाखान्यातल्या तेरा खाटांच्या खोलीतून किती जण घरी आले ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "बाई, त्यानं फसवलं ते हायच. पर छाती माझी होती, दम मला लागत होता. आन् मी दुसऱ्याच्या मशीनला इचारत बसले, मला दम लागलाय का न्हाई म्हून."