चार बोटं जागा

"आजी, आत जायच्या आधी जरा इकडे या. बोलायचंय," सिस्टर म्हणाली, आणि शिवणबाई खोलीच्या दारातूनच मागे वळली.

"हे पडले का?"

"पडले नाहीत. पण झोपतही नाहीत. कालची चौथी रात्र. डावा हात सारखा चादरीवर फिरवत असतात. चाचपतात, ओढतात, सगळी चादर गोळा करून टाकतात. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, हरवलंय. काय हरवलंय, तर ते काही सांगता येत नाही. मग ओरडायला लागतात. खोलीतल्या बाकीच्या तिघांचीही झोपमोड."

"मग?"

सिस्टर वयानं तरुण होती आणि वाईट बातमी कशी सांगायची हे अजून शिकली नव्हती. तिनं हातातला पेनच दोनदा उघडला आणि मिटला. "सोमवारी मोठे डॉक्टर येतात. असंच चाललं तर वरच्या मजल्यावर हलवू म्हणालेत."

वरचा मजला म्हणजे काय, हे आठवड्याभरात शिवणबाईला बाकीच्या नातेवाइकांकडून कळलं होतं. तिथल्या पलंगांना दोन्ही बाजूंनी कठडे. हात पट्ट्यांनी बांधलेले. आणि घरच्यांना आठवड्यातून एकदा, अर्धा तास.

"बांधतात?"

"त्यांच्याच भल्यासाठी, आजी."

दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या गोष्टी शिवणबाईला माहीत होत्या. आठवड्यापूर्वी तिनंही एक केली होती. नवरा दोनदा घराबाहेर भरकटला, एकदा न्हाणीघरात पडला तेव्हा तिला त्याला उचलता येईना, शेजाऱ्यांना हाका मारून घसा बसला. लेक म्हणाली, "आई, तुझं मनगट कामातून गेलंय. किती दिवस ओढणार आहेस?" आणि मग विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या या संस्थेच्या कागदावर शिवणबाईनं सही केली. लेकीनं पेन पुढे केला होता खरा, पण सही तिचीच होती. ती कुणावर ढकलता येत नव्हती.

शिवणबाई हे नाव तिला इस्पितळात पडलं होतं. सव्वीस वर्षं तिथल्या कपड्यांच्या खोलीत तिनं चादरी शिवल्या, अभ्रे शिवले, फाटलेल्याला ठिगळं लावली. नवरा जमीन मोजणीच्या कचेरीत. साखळी आणि झेंड्या घेऊन रानोमाळ हिंडायचा आणि वीतभर जमिनीवरून डोकी फोडायला निघालेल्या भावाभावांच्या मध्ये उभा राहायचा. सगळे त्याला मोजणीदार म्हणायचे. घरी मात्र त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नसे. बायको तेवढ्यावरून त्याला हयातभर चिडवत आली.

ती आत गेली. मोजणीदार पलंगावर बसला होता. तिला पाहून तो अदबीनं सरकला.

"या बाई. मोजणीची तारीख घ्यायला आलात का?"

"हो," ती म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं आपण कोण ते समजावण्याचा प्रयत्न केला होता, त्यानं तो नुसता घाबरला होता. आता ती तारीखच मागायची.

"या महिन्यात नाही जमायचं. फार कामं आहेत."

"असू दे. मला घाई नाही."

जेवणानंतर तो आडवा झाला. ती स्टुलावर बसून राहिली. संस्थेची चादर विकतची, पांढरीफेक, अखंड कापडाची. पलंगाची डावी बाजू भिंतीला लागलेली होती. मोजणीदाराचे डोळे मिटले आणि त्याचा डावा हात निघाला. बोटं चादरीवरून हळूहळू डावीकडे सरकली, थांबली, परत आली, जरा खाली जाऊन पुन्हा निघाली. भिंतीला लागली की दचकून मागे यायची. कपाळावर आठ्या पडत होत्या.

शिवणबाई बघत राहिली आणि एकदम तिला समजलं. समजलं तशी ती उठून उभीच राहिली.

तो शिवण शोधत होता.

त्यांच्या लग्नात पलंग आला तो दोघांचा, ऐसपैस. कापड मात्र मिळायचं ते अरुंद पन्ह्याचं. म्हणून तिनं दोन पन्हे मधोमध जोडून चादर शिवली. एक कड दुसरीत दुमडून, दोनदा टीप मारून, चपटी शिवण. हाताला लागेल, अंगाला टोचणार नाही अशी. ती भिंतीकडे झोपायची, तो दाराकडे, आणि ती शिवण बरोबर दोघांच्या मध्ये यायची. पहिल्याच आठवड्यात मोजणीदारानं जाहीर केलं, "ही हद्द. पलीकडचं तुझं, अलीकडचं माझं. अतिक्रमण केलंस तर नोटीस काढीन." आणि स्वतःच रोज अतिक्रमण करायचा. पुढे रुंद पन्ह्याचं कापड दुकानातून मिळायला लागलं, लेक म्हणायची, "आई, तयार चादरी एवढ्या छान मिळतात, कशाला मशीनशी मारामारी करतेस?" पण मोजणीदाराला बिनशिवणीच्या चादरीवर झोपच येत नसे. झोपेत डाव्या हातानं शिवण चाचपायची, ती सापडली की कुशीवर वळायचं आणि घोरायला लागायचं, असा त्याचा बेचाळीस वर्षांचा शिरस्ता.

बायकोला तो विसरला होता. बोटं शिवण विसरली नव्हती. हे कळून तिला बरं वाटलं की वाईट, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"घरची चादर आणली तर चालेल का?" तिनं सिस्टरला विचारलं.

"नियमात नाही हो बसत." सिस्टरनं इकडेतिकडे पाहिलं. "पण धुवायची तुम्हीच. आणि आमच्या धोब्याच्या हाती लागू देऊ नका."

वाटेत तिनं कापड घेतलं, घरी येऊन भिजवलं, आटवलं, इस्त्री करून जमिनीवर अंथरलं. पलंग अरुंद, कापड रुंद. शिवणीची काही गरजच नव्हती. चांगलं अखंड कापड कापायचं आणि पुन्हा जोडायचं, हा शुद्ध वेडेपणा होता. शिवाय कपड्यांच्या खोलीतल्या तिच्या मोठ्या बाई कडक शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "पडून असलेल्या माणसाच्या पाठीखाली शिवण येता कामा नये. कातडी सोलते." सव्वीस वर्षांत तिनं तो नियम एकदाही मोडला नव्हता. आज ती मनातल्या मनात म्हणाली, बाई, माफ करा, आणि कापडाची बरोब्बर मधोमध घडी घालून कात्री चालवली. मधोमध का, याचा विचार तिनं केला नाही. हातांना तेच ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं चादर घातली. मोजणीदार आडवा झाला, हात निघाला, वीतभर सरकला आणि शिवणीवर थांबला. अंगठ्यानं त्यानं ती दोनदा दाबून पाहिली. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. पाच मिनिटांत घोरायला लागला. शिवणबाईनं तोंडाला पदर लावला. सिस्टर दारातून बघत होती, तीही हसली.

ती रात्र शांत गेली. शनिवारी घरी परतताना शिवणबाईनं लेकीला आपण होऊन फोन केला, बऱ्याच दिवसांनी. "झोपले गं बाबा," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी सिस्टरचा फोन आला.

ती पोचली तेव्हा मोजणीदाराच्या कपाळाला पट्टी होती, डोळ्याखाली निळं पडलं होतं. "पहाटे पडले," सिस्टर म्हणाली. ती रात्रपाळीची जागलेली होती आणि खरंच हिरमुसली होती. "मला तर काही कळतच नाही, आजी. बारा वाजता बघितलं, दोन वाजता बघितलं. गाढ झोपलेले. पण अगदी उजव्या कडेला! भिंतीकडचा अर्धा पलंग मोकळा. मी दोनदा मध्ये सरकवलं, पुन्हा कडेला. असं कोण झोपतं? तेवढ्या जागेत माणूस पडणार नाही तर काय होणार?"

शिवणबाईनं चादरीवरच्या शिवणीकडे पाहिलं.

ज्या माणसानं जन्मभर तिच्या बाजूवर पाय टाकला, उशी टाकली, हिवाळ्यात गार पावलं टेकवली, त्यानं आता, सगळं विसरल्यावर, हद्द पाळली होती. मधोमध शिवण होती. पलीकडची जागा बायकोची. मग तो कसा जाणार तिकडे? बोटभर कडेवर अंग आखडून तो झोपला होता आणि तिची जागा त्यानं तिच्यासाठी ठेवली होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"तुमचं कसं?"

"माझंच. सोमवार उद्याच ना?"

"उद्या चार वाजता येतील डॉक्टर. माझ्या हातात काही नाही, आजी."

या वेळी नवं कापड न घेताच ती घरी आली. ती सरळ पलंगाशी गेली आणि अंथरलेली चादर ओढून काढली. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, मधली शिवण बोटांच्या घासण्यानं गुळगुळीत झालेली. खिडकीशी बसून तिनं ती शिवण उसवायला घेतली. दोनदा मारलेली टीप, तिची स्वतःची, सहजी सुटेना. मनगट ठणकत होतं. दुपारी लेक डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आई, चांगली चादर का फाडतेयस?"

"फाडत नाहीये. उसवतेय."

"कशाला पण?"

शिवणबाईनं तिला सांगितलं. लेक ऐकता ऐकता पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे शिवण भिंतीशी न्यायची."

"हो. सगळा पलंग त्यांचा व्हायला हवा. तरच ते मध्ये झोपतील."

"आणि तुझी बाजू?"

"मला काय करायचीय तिथे बाजू? मी थोडीच झोपायला जातेय?" ती जोरात म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. या आठवड्यात पहिल्यांदाच. लेकीनं तिच्या मांडीवरची चादर बाजूला केली नाही, नुसती दुसऱ्या टोकाला बसून ती धरून राहिली, म्हणजे उसवायला सोपं जाईल.

दोन पन्हे सुटे झाले. त्याचा एक, तिचा एक. त्याचा पन्हा तिनं पूर्ण घेतला. आपल्या पन्ह्यातून हातभर रुंदीची पट्टी कापली. तिच्यातलं बरंचसं भिंतीच्या बाजूनं गादीखाली खोचलं जाणार होतं. वर उरणार होती चार बोटं. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. शिवण अजिबातच नसली, तर त्याला झोप नाही. शिवण आत घ्यावी, तर तो पडणार. चार बोटं. तिनं पट्टी त्याच्या पन्ह्याला जोडली, एक कड दुसरीत दुमडून, दोनदा टीप मारून. पाठीखाली शिवण नाही, म्हणजे मोठ्या बाईंचा नियमही पाळला गेला.

सोमवारी तीन वाजता चादर घालून झाली. मोजणीदार आडवा झाला. आधी सवयीनं उजव्या कडेला. हात निघाला. वीत झाली, हात झाला, बोटं पुढेच चालली होती. त्या हातामागे खांदा वळला, मग कंबर, आणि तो सरकत सरकत पलंगाच्या मध्यावर आला. तिथून भिंतीशी त्याच्या बोटांना शिवण लागली.

अंगठा दोनदा दाबला गेला. पण आठ्या गेल्या नाहीत. शिवण ओलांडून बोटं पलीकडे गेली आणि लगेच भिंतीला टेकली. ती अरुंद पट्टी त्यानं चाचपून पाहिली. एकदा, पुन्हा एकदा. जन्मभर जमीन मोजलेला हात तो.

"अगं," तो डोळे मिटूनच म्हणाला.

तो इथे आल्यापासून तिनं हा शब्द ऐकला नव्हता. ती पुढे वाकली. "काय हो?"

"एवढ्यात मावशील का तू?"

तिनं त्या चार बोटांकडे पाहिलं.

"मावेन."

"भिंत लागेल."

"नाही लागत. तुम्ही नीट झोपा. आणखी मध्ये सरका."

"बघ हं. नंतर तक्रार नको," तो पुटपुटला, आणि आणखी मध्ये सरकला, आणि झोपला.

चार वाजता डॉक्टर आले. कपाळाची पट्टी पाहिली, पलंगाच्या मध्यावर पसरून घोरणारा माणूस पाहिला. सिस्टर त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. "आठवडाभर बघू इथेच," ते म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत शिवणबाई बसून राहिली. निघताना तिनं भिंतीकडची खोच आणखी घट्ट केली. तो जागा झाला नाही.

घरी येऊन तिनं दिवा लावला. पलंगावर नुसती गादी होती. पट्टी कापून उरलेला तिचा पन्हा खुर्चीवर पडला होता. तो तिनं भिंतीकडच्या बाजूला अंथरला, सुरकुत्या काढल्या. गादीचा मधला भागही त्यानं झाकला जाईना, पलीकडची बाजू उघडीच राहिली. कापलेली कड कच्ची होती, तिच्यातून धागे निघत होते. सव्वीस वर्षांत कच्ची कड तिच्या हातून कधी सुटली नव्हती. तिनं सुई हातात घेतली, दोरा ओवला. मग तो तसाच गुंडाळून डब्यात ठेवून दिला. कड दुमडली असती तर तिची बाजू आणखी अर्धं बोट कमी झाली असती.