डोंगराची लेन्स आणि समोरचं दार

मी डोंगरांचे फोटो काढतो आणि मला कुणी शिकवलेलं खपत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आत्याने तिच्या चित्राचा फोटो काढायला बोलावलं, तेव्हा मी माझी लाडकी वाइड लेन्स लावली. चित्र डोंगराचं, म्हणून लेन्स डोंगराची. यात चुकण्यासारखं काय आहे?

आत्या सहासष्ट वर्षांची. चाळीस वर्षं घरात बसून चित्रं काढतेय, आणि आजवर एकही बाहेर पाठवलेलं नाही. या वेळी मनाचा हिय्या करून तिने प्रदर्शनासाठी नाव दिलं होतं. निवड फोटोवरून होणार होती आणि फोटो त्या दिवशी पाचच्या आत पोचायला हवा होता. तीन वाजून गेले होते.

पहिला फोटो बघून आत्या म्हणाली, "माझ्या तळ्याचं पोट का सुटलंय?"

सुटलं होतं खरं. नऊ फुटांच्या खोलीत पाच फुटांचं चित्र. इतक्या जवळून वाइड लेन्सने चौकट फुगवली होती. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर सरळ करतो. ती म्हणाली, "मग डोंगरही तूच काढायचास."

शेवटी नाक मुठीत धरून लेन्सवाल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "चित्राला शंभरची मॅक्रो लेन्स लाव. कडा एकदम सरळ येतील. फक्त मागे सरकायला जागा हवी."

मॅक्रो बॅगेत होती, जागा नव्हती. मी मागे सरकलो आणि पाठ दाराला टेकली. पॅसेजमध्ये गेलो, तरी चित्राच्या दोन्ही बाजू कापल्याच जात होत्या. दुसऱ्या भिंतीवर खिडकीचा उजेड पोचत नव्हता. मागे उरलं होतं फक्त समोरच्या घराचं दार.

त्या घरात एक निवृत्त हेडमास्तर राहतात. चपलांच्या स्टँडवरून आत्याचं आणि त्यांचं वाजलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत अक्षराची देवाणघेवाण नाही.

"मी नाही विचारणार," आत्या म्हणाली. "चुलीत गेलं ते प्रदर्शन."

पण तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. मला ते बघवेना. मीच बेल वाजवली. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, दार सताड उघडलं आणि खुर्ची बाजूला सरकवली. तिथे ट्रायपॉड लावला. चित्र अगदी चौकोनी, चारी कडा सरळ. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात हेडमास्तर माझ्या खांद्यावरून म्हणाले, "तुमच्या आत्यांना सांगा, डावीकडचं झाड नको होतं. उघड्या दारातून रोज दिसतं मला, परवापर्यंत नव्हतं ते."

"त्यांना सांग," आत्या तिकडून म्हणाली, "शाळा सुटून बारा वर्षं झाली."

मग मात्र ती तरातरा पॅसेज ओलांडून आत आली, कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि डोळे बारीक करून चित्र बघू लागली. नऊ फुटांपलीकडून तिने स्वतःचं चित्र कधी बघितलंच नव्हतं. झाड डोंगराच्या वाटेत आडवं आलं होतं, ते मलासुद्धा दिसत होतं. ती परत गेली, चिंधी घेतली आणि झाड पुसायला लागली. तैलरंग अजून ओला होता.

मी घड्याळाकडे बघितलं. वीस मिनिटं उरली होती.

"आता?" तिने विचारलं. मला नाही, हेडमास्तरांना.

"तळ्याजवळ अजून थोडं पुसा."

"आता?"

"बस. हात लावू नका."

मी फोटो काढला आणि पाचला सहा मिनिटं असताना तो पाठवला. आत्या हात पुसत पुन्हा आली. हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिली.

"इथून इतकं चांगलं दिसतं," ती म्हणाली, "आणि नऊ वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलायला कितीदा उठलो," हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही दरवेळी दार लावून घेत होतात."

आत्याने समोर आपल्या घराच्या उघड्या दाराकडे बघितलं. ती आणखी थोडा वेळ तिथेच बसली.