चालत्या हाताचं घड्याळ

"सरकारं येतात नि जातात, माणसं दिलेला शब्द फिरवतात, पण घड्याळ म्हणजे घड्याळ. त्याला खोटं बोलता येत नाही," असं जाहीर करून हेमकांतरावांनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ नवनीतभाईंच्या काचेच्या काउंटरवर ठेवलं.

घड्याळात सव्वातीन वाजले होते. बाहेर नंदुरबारच्या बाजारात दुकानांची शटरं नुकती वर जात होती.

नवनीतभाईंनी गल्ल्याला उदबत्ती ओवाळली, ती गणपतीपुढे खोचली आणि मग सवडीने घड्याळाकडे पाहिलं.

"परत?"

"परत म्हणजे? मी काय हौस म्हणून येतो?"

"तसं नाही, साहेब. बसा ने. चहा सांगतो."

"चहा नको. मला उत्तर पाहिजे."

नवनीतभाईंनी चहाच सांगितला.

हे घड्याळ निवडायला हेमकांतरावांनी एक अख्खी दुपार घेतली होती. त्याआधीचं त्यांचं घड्याळ किल्लीचं, पहिल्या पगारात घेतलेलं. धडगावच्या घाटातून जीपने वर-खाली करताना त्याने साहेबांना जन्मभर साथ दिली. पण निवृत्तीनंतर साहेबांची पाठ आणि घड्याळाची स्प्रिंग एकदमच बोलायला लागली. तेल घातलं की चार दिवस बरं, मग पुन्हा मागे पडायचं. सुटे भाग मिळेनात. पुढेपुढे ते मनगटापेक्षा दुरुस्तीवाल्याच्या खोक्यातच जास्त राहू लागलं, आणि एके दिवशी दुरुस्तीवाल्याने मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं.

मुलगा धर्मेंद्र सुरतेला असतो. त्याने एक चौकोनी, काळ्या तोंडाचं घड्याळ पाठवलं. ते नाडी मोजायचं, पावलं मोजायचं आणि दर तासाला मनगटाला गुदगुल्या करून 'उठून उभे राहा' असं सुचवायचं. ज्या माणसासमोर इतकी वर्षं अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं, त्याला हे सहन होणं शक्य नव्हतं. ते घड्याळ कपाटात गेलं. सेलवर चालणारं घड्याळ हेमकांतरावांच्या मते घड्याळ नव्हेच, ती बॅटरी. अंधारात बाहेर जाताना न्यायची.

तेव्हा त्यांना हवं होतं ते असं: गोल, सायीच्या रंगाची तबकडी, बारीक काटे, तपकिरी चामडी पट्टा, पण रोजची किल्ली नको, सेल नको, तेलपाणी नको. थोडक्यात, दिसायला जुनं आणि देखभालीचा त्रास नसलेलं. स्वतःबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

नवनीतभाईंनी त्या दुपारी शेवटी हे ऑटोमॅटिक काढलं होतं. "हात हलला की आतलं वजन फिरतं, साहेब, किल्ली आपोआप बसते. तुम्ही चालता तोवर ते चालतं."

हे वाक्य हेमकांतरावांना घड्याळाहूनही आवडलं. घरी येईपर्यंत त्यांनी त्या वाक्याला इस्त्री केली आणि संध्याकाळी बागेतल्या मंडळींना मनगट पुढे करून सांगितलं, "हे घड्याळ माणसाच्या कर्तृत्वावर चालतं."

दोन दिवसांनी ते बंद पडलं.

आधी त्यांनी टीव्हीवर संशय घेतला, मग फ्रिजवर. घड्याळ दुकानात गेलं. नवनीतभाईंनी ते आठवडाभर स्वतःच्या हातात वापरलं आणि एका मिनिटाचाही फरक नाही म्हणून परत दिलं. हेमकांतरावांनी घरी नेलं. पुन्हा बंद. आणि आज हे सव्वातीन.

चहा आला. नवनीतभाईंनी कप पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला.

"साहेब, राग नका मानू. दिवसभर तुमचा कार्यक्रम काय असतो?"

"कार्यक्रम?" हेमकांतरावांनी खुर्चीत पाठ ताठ केली. "पहाटे उठतो. दोन पेपर, अग्रलेखासकट. मग लोक येतात, त्यांना मार्गदर्शन लागतं. दुपारी जरा चिंतन. संध्याकाळी बागेत बैठक. नोकरीत होतो तेव्हा इतका व्यग्र नव्हतो मी."

यातलं लोक येतात हे खरं होतं. परवाच सिलिंडरवाला आला होता आणि त्याला शेजारच्या घराबद्दल मार्गदर्शन लागलं होतं.

"आणि यात हात…" नवनीतभाईंनी स्वतःचा हात हवेत थोडा हलवून दाखवला, "हात कधी लागतो?"

"म्हणजे?"

"मोठ्या माणसांचं तसंच असतं, साहेब. सगळं काम डोक्यात. हात शांत."

"तुम्ही घड्याळं विकता की माणसं तपासता?"

"नाही नाही. त्याच्यावर उपाय आहे ने! एक पेटी येते, विजेवर चालणारी. घड्याळ आत ठेवून द्यायचं, पेटी त्याला गोल गोल फिरवते. सुरतेला पुष्कळ खपते."

"म्हणजे मी घरात बसायचं आणि घड्याळाला फिरायला पाठवायचं?"

नवनीतभाईंना यात काही वावगं वाटलं नाही. पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी पेटीचा विषय पेटीतच ठेवला.

"कंपनीला कळवा," हेमकांतराव घड्याळ पुन्हा मनगटावर बांधून उठत म्हणाले. "माल सदोष आहे. मला बदलून पाहिजे. वस्तूत खोट आहे हे त्यांनी कबूल केलंच पाहिजे."

कारण खोट कुठेतरी असणार, हे उघड होतं. आणि असायला जागा दोनच होत्या. दुसऱ्या जागेकडे हेमकांतरावांनी अजून पाहिलं नव्हतं आणि पाहायचा त्यांचा विचारही नव्हता.

कंपनीचं उत्तर येईपर्यंत आपल्या बाजूने पुरावा असावा म्हणून ते रोज फिरायला निघाले. डावा हात खांद्यातून मागे-पुढे, चांगला लांब. पहिल्या दिवशी स्टेशनपर्यंत जाताना एकामागून एक रिक्षा त्यांच्या शेजारी येऊन थांबत राहिल्या.

"बठा, सायेब."

"मी बोलावलं का तुला?"

"हात तं दखाडा ना तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाबाहेरचा रस्ता धरला. तिकडे रिक्षा नव्हत्या. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या होत्या. हात हलवता हलवता त्यांना इतक्या शिंका आल्या की खिशातून रुमाल काढायला डावाच हात कामाला लागला. घड्याळाला तेवढाच फायदा झाला असावा, कारण त्या दिवशी ते चाललं. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. हेमकांतराव झोपाळ्यावर बसले, आणि त्यांच्यामागोमाग घड्याळही बसलं.

त्या संध्याकाळी लंगडत बागेत गेले, तर बाकावर दलसिंग वाटच पाहत होता. दलसिंग डोंगरातल्या काठी गावाकडचा. जंगल खात्यातून निवृत्त होऊन नंदुरबारला राहायला आलेला. शेळ्या मात्र त्याच्याने सोडवल्या नव्हत्या, म्हणून घरामागे चार बांधल्या होत्या. खिशात त्याच्या मोबाइल असे, तरी वेळ तो रोज हेमकांतरावांनाच विचारायचा.

"साहेब, किती वाजले?"

हेमकांतरावांनी मनगटाकडे न पाहता अंदाजाने सांगितलं, "साडेपाच."

दलसिंगने मान वर करून आभाळ पाहिलं. दिवे लागले होते.

"मग आज सूर्य हाफ डे टाकून गेला वाटतं."

बाक हसलं. हेमकांतराव सगळ्यांत मोठ्याने हसले, म्हणजे लागलं नाही असं दिसावं.

"नाय साहेब, खरंच," दलसिंग म्हणाला, "ते कर्तृत्वावर चालतं ना? मग एक दिवस माझ्याकडे द्या. शेळीच्या गळ्यात बांधतो. संध्याकाळपर्यंत किल्ली फुल्ल!"

घरी आल्यावर हेमकांतरावांनी घड्याळ काढलं आणि स्वयंपाकघराच्या फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी आपटलं. इतक्या वर्षांच्या साहेबीने त्यांच्या घरातल्या बोलण्यालाही ऑफिसची मराठी चढली होती. रागात मात्र ती गळून पडायची.

"पडू दे तठेच! माले त्यानं तोंड दखनं नही!"

त्यांच्या पत्नी ममताबाईंनी परातीतल्या पिठाचा हात न धुताच घड्याळ उचललं, मागून-पुढून पाहिलं.

"कसाले आपटतस? साजरं शे दिसाले. माले ऱ्हाऊ द्या. नळना टाइम पाह्याले कामे ई."

"बंद घड्याळात नळाची वेळ बघणार तू?" हेमकांतराव पुन्हा ऑफिसात आले.

"नळ तरी कोठे टाइमवर येस?"

ते झोपाळ्यावर जाऊन बसले आणि कंपनीला लिहायच्या कडक वाक्यांची जुळवाजुळव करू लागले. पुढचे बरेच दिवस तोच उद्योग होता. वाक्यं चांगली जमत होती. 'ग्राहकाच्या जीवनशैलीविषयी अनुदार शेरे' हे एक तर त्यांना फारच आवडलं.

आणि मग एका दुपारी नवनीतभाईंचा फोन आला.

"अभिनंदन, साहेब! कंपनी मानली. माणूस आलाय, घड्याळ बदलून देतो म्हणतो. काही विचारणार नाही, तपासणार नाही. लगेच घेऊन या."

हेमकांतराव झोपाळ्यावरून असे उठले की झोपाळा मागे बराच वेळ एकटाच हलत राहिला. मानली! कंपनी मानली! आता बागेत जाऊन दलसिंगला शांतपणे, सभ्य शब्दांत सांगायचं: खोट घड्याळात होती.

फळीवर घड्याळ नव्हतं. मिसळणाचा डबा होता, काड्यापेटी होती.

मागच्या अंगणात ममताबाई चटईवर बसल्या होत्या. पुढे वर्षभराच्या मिरचीचा ढीग. एकेक मिरची उचलायची, देठ खुडायचा, देठ डावीकडे, मिरची टोपलीत. घड्याळ त्यांच्या डाव्या मनगटावर होतं. पट्टा शेवटच्या भोकात, तबकडी हाताच्या आतल्या बाजूला.

"ते काढ. बदलून आणायचंय."

"काय बदलशात? चाली ऱ्हायनं ते."

हेमकांतराव वाकले. सायीच्या रंगाच्या तबकडीच्या कडेला पिठाची एक पांढरी रेघ वाळली होती आणि तिच्यावर मिरचीची लाल धूळ बसली होती. आत सेकंदाचा काटा चालला होता. त्यांनी खिशातून मोबाइल काढून वेळ ताडून पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"हे कधी सुरू झालं?"

"हातमा घालं नि चालू व्हयनं. नळना टाइमपुरतं काटा फिराई लिधा. मंग बंदच पडनं नही."

"किल्ली दिलीस?"

"माले कोठे टाइम शे किल्ली देवाले?"

गुडघा सांभाळत हेमकांतराव पायरीवर बसले. हात थांबला की पट्टा सोडून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. हात मिरचीकडे गेला, टोपलीकडे गेला. टोपली भरल्यावर ती उचलून कडेला गेला, रिकामी ओढून घेऊन आला. कोपराने कपाळावरचे केस मागे सारले गेले, कावळा हाकलला गेला, तारेवरून घसरलेला साहेबांचा टॉवेल बसल्या जागेवरून वर टाकला गेला, आणि हात पुन्हा मिरचीत. हेमकांतराव वाट पाहत राहिले. या हाताची वाट त्यांनी आयुष्यात पुष्कळ वेळा पाहिली होती. चहासाठी, टॉवेलसाठी, रात्रीच्या गोळीसाठी. तो थांबावा म्हणून ही पहिलीच वेळ.

तो थांबला नाही. फोन वाजला.

"साहेब, निघालात ने? माणूस खोळंबलाय. त्याला शहाद्याला जायचंय."

"नवनीतभाई," हेमकांतराव म्हणाले. "जाऊ द्या त्याला. घड्याळ चांगलं आहे."

"चांगलं? मग बंद कशाने पडत होतं?"

हेमकांतरावांचा डावा हात त्यांच्या मांडीवर होता. कुणीतरी विसरून गेलेल्या रुमालासारखा तो तिथे पडला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हवामानाने," ते म्हणाले.

"होतं असं," नवनीतभाईंनी समजूतदारपणे सांगितलं आणि फोन ठेवला.

अंगणात देठ मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. हेमकांतरावांनी घसा साफ केला. निरोप समारंभात भाषणाआधी केला होता, तसा.

"ममता."

नावाने हाक आली तशी ममताबाई दचकल्या. काही दुखतंय की काय, म्हणून त्यांनी वर पाहिलं.

"मला तुला काही सांगायचं आहे. आज इतकी वर्षं, म्हणजे तसं पाहिलं तर, या घरात जे जे काही म्हणून चालतं, त्याच्या मुळाशी…" पुढचं वाक्य तयार नव्हतं. कंपनीसाठी जुळवलेलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. "त्याच्या मुळाशी कोण आहे, याचा विचार मी कधी…"

ममताबाईंनी लाल झालेले दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि डोळे बारीक करून चेहरा त्यांच्यापुढे आणला.

"ते मंग सांगा. पह्यले मन्हं नाक खाजवा. हातले मिरची शे."