वहिनीचा नैवेद्य आणि माझं नाक

आमच्या घरात माझ्या नाकाला सगळे वचकून असतात. आमटी आजची की कालची हे मला दारातूनच कळतं, आणि कळलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. "ऊर्मी जेवायला येणार म्हणजे परीक्षाच," असं माझी वहिनी अरुणा लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणते. आम्ही मूळचे नागपूरचे. आता ती दादाबरोबर कॅनडात मिल्टनला असते आणि मी मार्कहॅमला, पण एवढ्या अंतराने माझं तोंड काही बंद झालेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना वहिनी घसरली आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटली. स्कॅन झाला, सगळं ठीक निघालं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. जेवण बेचव लागतंय अशी तिची कुरकुर होती, ती आम्ही सर्दीवर ढकलली. मग एके दिवशी गॅसवरचं दूध करपून कोळसा झालं, स्मोक अलार्म कोकलायला लागला, आणि वहिनी दोन हातांवर पाठमोरी बसून शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

दादाला ऑफिस होतं, म्हणून स्पेशालिस्टकडे तिला मी नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकाचं प्लास्टिकचं मॉडेल उघडून दाखवलं. नाकाच्या छताला चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. त्याच्या भोकांतून केसाहून बारीक मज्जातंतू नाकातून वर मेंदूत जातात, आणि त्यांच्याच जिवावर आपल्याला वास कळतो. डोकं मागून आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि हे तंतू तुटतात. खारट, गोड, आंबट, कडू हे जिभेला कळत राहतं, कारण त्या नसांची वाट वेगळी. बाकी आपण जिला चव म्हणतो ती बहुतेक वासाचीच करामत.

जन्मभर ज्या नाकाची मी मिजास केली, ते एवढ्याशा धाग्यांवर टांगलेलं होतं! आणि त्याहून नवल पुढेच होतं. हे तंतू पुन्हा वाढू शकतात, बाई म्हणाल्या. अंगातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या, पण वासाच्या पेशी मरतात आणि नव्या येतात, म्हातारपणीसुद्धा. खात्री मात्र नाही. औषध एकच, रोज ओळखीचे वास मन लावून घ्यायचे.

वहिनीने लवंग, हिंग, कॉफी आणि लिंबाची साल बरण्यांत भरली. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसायची. उन्हाळा सरत आला तेव्हा म्हणाली, "लवंग कधी कधी दारावरून गेल्यासारखी वाटते गं. आत येत नाही." मला तर रडूच आलं.

स्वयंपाक तिने सोडला. "जे मलाच कळत नाही ते दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?" दादाच्या खिचडीवर दिवस निघत होते. ते चालून गेलं असतं, पण महालक्ष्म्या आल्या. त्यांचा स्वयंपाक वहिनीचा जीव की प्राण. "यापुढे तो माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली, आणि त्यानंतर घरात तिचा आवाजच ऐकू येईना. नैवेद्य गेला तर वहिनीतलं काहीतरी कायमचं जाणार, हे मला दिसत होतं. तरी शहाणपणा करून दादाने आणि मी एका केटररकडे पुरणपोळी सांगितली. त्याने सॅम्पल पाठवलं. मी एक घास घेतला आणि सवयीने नाक मुरडलं.

"हे नैवेद्याचं ना?" वहिनी दारात उभी होती. "मग चाखताय कसे?"

"अगं, सॅम्पल आहे," दादा म्हणाला.

"सॅम्पल! मी कधी चाखलाय का नैवेद्य? हुंगलाय तरी का? पोरीबाळी होतो तेव्हापासून देवाच्या फुलाचासुद्धा वास घेऊ देत नव्हते आपल्याला." ती बोलता बोलता थांबली. नैवेद्याला नाक लागतच नाही, हे आम्हा तिघांच्याही एकदम लक्षात आलं. मग ती म्हणाली, "अहो, ती ऑर्डर कॅन्सल करा."

नैवेद्याच्या दिवशी मी ओट्याशी नुसती बघत उभी राहिले. डाळ शिजल्याचं तिने बोटांनी ओळखलं. मोहरी तडतडायची कमी झाली की तिचा हात आपोआप हिंगाकडे जायचा. तव्यावर तळहात धरला आणि आच कमी केली. पुरणात उलथनं उभं राहिलं तेव्हा मान डोलावली. मीठ पाच बोटांच्या चिमटीत, डोळ्यांना न विचारता. कान, डोळे, कातडी, स्नायू, सगळे कामाला लागले होते, आणि नाकाची उणीव त्यांनी मिळून भरून काढली होती. इतकी वर्षं मी नाक खुपसत आले, पण ही बाई अशी सगळ्या अंगाने स्वयंपाक करते हे मला कधी दिसलंच नव्हतं.

नैवेद्य झाला, पानं वाढली. वहिनीने स्वतः पोळीचा तुकडा तोंडात घातला. "नुसतं गोड लागतंय," ती हळूच म्हणाली.

"आई, इट्स परफेक्ट," तिचा मुलगा निहार म्हणाला. दादाने "फर्स्ट क्लास" म्हटलं. वहिनी दोघांकडे बघून हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. तिला काय वाटतंय ते कळत होतं. आंधळ्याला सगळेच रस्ता चांगला आहे म्हणून सांगतात.

मग ती माझ्याकडे वळली. "ऊर्मी, खरं सांग."

तुपाची धार सोडलेली पोळी मी नाकाशी नेली. खोटं बोलायचं ठरवलं होतं, छान म्हणून मोकळं व्हायचं. पण तिच्या नजरेला नजर दिल्यावर ते जमेना.

"जायफळ जास्त झालंय," मी म्हणाले.

दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी टेबलाखाली जावं. वहिनीचा चेहरा मात्र उजळला.

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही. पुरण खमंग आहे, कुठे लागलेलं नाही. आमटी तर दारातूनच कळली मला, आजची आहे म्हणून."

तिने डोळे पुसले आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

"बरं," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जायफळ कमी घालीन."