पाहुण्यांसाठी केलेला रस्ता

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. खाण चालू होती तेव्हा इथवर ट्रक यायचे. खाण बंद पडली आणि तिचा रस्ता दरडींनी आणि करवंदीच्या जाळ्यांनी खाल्ला. तेव्हापासून आजारी माणूस डोलीतून खाली जातो. हैबतीकाकांची बायको गोदूबाई गेल्या महिन्यात पाय मोडून अशीच निघाली आणि दुसऱ्या वळणावर डोलीसकट आपटली. शनिवारी महाडला प्लास्टर काढायचं होतं. "डोलीत बसणार नाय," म्हणून तिनं विषय संपवला.

त्याच शनिवारी पुण्याहून आठ जीपगाड्या खाणीचा रस्ता चढायला येणार होत्या. त्यातल्या एकीत गोदूबाईला खाली न्यायचं, असं काकांनी ठरवलं. पण पाहुणे येणार आणि रस्ता असा? वाडीला लाज वाटली. घरटी एक माणूस निघाला. दोन दिवसांत खड्डे मुरमाने भरले, दरड बाजूला ओढली. दुसऱ्या वळणावर मी केळीच्या खांबांची कमान उभारली.

पायथ्याशी त्यांचा म्होरक्या यशराज उतरला. गाडीची चाकं कमरेएवढी, टपावर फावडी, दोरखंड. रस्ता बघून त्याचा चेहरा पडला.

"हे कोणी केलं?"

"आम्हीच," काका ऐटीत म्हणाले.

"अहो काका, सगळा विचका केलात. आम्हाला खड्डेच हवे होते. यावरून काय, कोणीही जाईल."

"वर आमची मंडळी तयार बसलीय. पाय मोडलाय तिचा. तेवढी घेऊन..."

"पुढच्या वेळी नक्की. तोवर रस्ता होता तसा करून ठेवा."

आठही गाड्या वाईट रस्ता शोधायला निघून गेल्या. तालुक्यात तशा रस्त्यांचा तोटा नव्हता. काका धुरळ्याकडे बघत राहिले. मला त्यांची फार कीव आली.

अर्ध्या तासाने पोलादपूरच्या वडापाववाल्या शुभमची रिक्षा आली. जीपवाल्यांनी साठ वडापाव मागवले होते आणि निघून गेल्याचं त्याला कळवलंच नव्हतं. रस्ता बरा दिसला म्हणून तो काकांना आणि मला घेऊन थेट वाडीत पोचला. गोदूबाई वडापावांशेजारी बसली.

उतरताना दुसऱ्या वळणावर तिनं रिक्षा थांबवायला सांगितली. कमानीकडे बघितलं.

"किती दिस लागले रे ह्याला?"

"दोन," मी म्हणालो.

"मंग माझ्या पडण्याआधी तुमची फावडी कुठं होती?"

काकांनी तिचा पाय मांडीवर नीट घेतला आणि शुभमने रिक्षा चालू केली.