आईचा शेरा

ती व्हिडिओ गेमवर लिहायची, पण वाचक आधी लेखाखालची चौकट वाचायचे. चौकटीचं नाव ‘आईचा शेरा’. आईने कधी गेम खेळला नाही. लेकीच्या मागे खुर्ची टाकून ती मटार सोलत बसायची आणि पडद्यावरच्या माणसांना भावकीतल्यासारखं फैलावर घ्यायची. “हा सेनापती? आधी दोन पोरं सांभाळून दाखव म्हणावं!”

आई गेल्यानंतरचा हा तिचा पहिलाच लेख. वाचकांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर संपादक जरा चाचरत म्हणाले, “चौकट तेवढी तूच लिही की गं. त्यांना तुझ्याइतकं कोण ओळखतं? कुणाला कळणार आहे?”

“बघते,” ती म्हणाली.

गेममध्ये एक जुनं अंतराळयान होतं. माणसं त्यातच जन्मायची, त्यातच म्हातारी व्हायची. मारामारी थोडी, बोलणं फार. आणि कुणाचंही बोलणं उगाच नव्हतं. हे तिला आवडलं. मग यानाची कप्तानबाई अचानक वारली. रोज सकाळी भोंग्यावरून तिचा आवाज ऐकल्याशिवाय प्रवाशांचा दिवस सुरू होत नसे. इंजिनियर म्हणाला, “तिच्या आवाजात यंत्र बोलेल. लोक घाबरणार नाहीत. तू फक्त हो म्हण.”

तिने जवळजवळ हावरटासारखं ‘हो’ दाबलं.

आवाज घुमला, लोक शांत झाले. एक म्हातारा स्वयंपाकी तेवढा भोंग्याखाली उभा राहिला. “बाई, आज माझ्यावर ओरडला नाहीत?”

“सर्व काही ठीक आहे,” आवाज म्हणाला.

तिने गेम थांबवला आणि चौकट लिहायला घेतली. ‘या कप्तानबाईला वेळेवर झोपायला कुणी सांगितलं नाही का?’ हुबेहूब आई. नको इतकी हुबेहूब. कारण आईच्या तोंडून काय निघेल, याचा लेकीला कधीच पत्ता लागला नव्हता. दोघींनी मिळून पाहिलेल्या शेवटच्या गेममध्ये सगळे खलनायकाच्या नावाने खडे फोडत होते, तर आई म्हणाली होती, “त्याचंही खरंच आहे गं.”

तिने ओळ पुसली आणि संपादकांना फोन लावला.

“चौकट नाही देत.”

“अगं, वाचक विचारतील.”

“विचारायच्या आत सांगते.”

मग ती लिहायला बसली. ‘माझी आई गेली. हा गेम मी एकटीने पाहिला. यानातली लिफ्ट फार हळू चालते. माणसं मात्र खरी वाटतात. त्यांना फसवलं की लाज वाटते.’