फाटलेला साबण

वडिलांचं दुसरं लग्न झालं तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. घरात आलेल्या बाईला ती 'तुम्ही' म्हणायची. आईला कोणी अहो-जाहो करत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायची. नव्या आईने कधी तक्रार केली नाही. ती लाँड्रीत कामाला होती. घाईने चोळलेला डाग आणखी पक्का बसतो, हे तिला रोज दिसत होतं.

वडील गाड्यांचे मेकॅनिक. त्यांच्या तळहाताच्या रेघांत ग्रीस कायमचं घर करून बसलं होतं.

"बाबा, तुझे हात कशानेच निघत नाहीत," मुलगी एकदा जेवताना म्हणाली.

"निघाले तर जेवू कशाने?"

मुलीला हसू आलं नाही. नव्या आईने ताटातून मान वर केली. "आपण दोघींनी साबण करून बघायचा?"

"घरी होतो साबण?"

"दुकानं नव्हती तेव्हा लोक काय बिनअंघोळीचे हिंडायचे?"

सुट्टीच्या दिवशी वडील कामावर गेले आणि नव्या आईने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. दोघींनी चष्मे लावले, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले.

"कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यात कधीच नाही, उसळून अंगावर येतं. काय सांगितलं मी?"

"सोडा पाण्यात," मुलगी म्हणाली. सोडा नव्या आईनेच टाकला. गॅस बंद असताना पाण्यातून वाफ निघाली, तशी मुलगी दोन पावलं मागे सरली आणि लगेच पुन्हा पुढे आली.

ते पाणी निवल्यावर तेलात ओतलं. मुलगी लाकडी चमच्याने ढवळायला लागली. चमच्याची रेघ वर उमटून राहिली की झालं, असं तिला सांगितलं होतं. पण रेघ काही उमटेना. उलट तेल वर तरंगायला लागलं आणि खाली पांढऱ्या गुठळ्या बसल्या.

"फाटलं," नवी आई म्हणाली. "तेल गार राहिलं. माझंच चुकलं, मी आधी कोमट करायला हवं होतं." तिने पातेलं उचललं.

"अगं, थांब ना! टाकू नकोस तू."

नवी आई जागच्या जागी थांबली. आपण काय बोललो ते मुलीलाही कळलं. तिचे कान लाल झाले. नव्या आईने पातेलं हळूच खाली ठेवलं आणि जणू रोजचंच बोलणं चालू आहे अशा आवाजात विचारलं, "मग काय करू या?"

"गार होतं म्हणून फाटलं ना? मग तापवून बघ."

नवी आई विचारात पडली. पूर्वी साबण शिजवायचे, हे तिने ऐकलं होतं. केलं कधीच नव्हतं. तिने मोठ्या भांड्यात पाणी तापवलं, त्यात पातेलं ठेवलं आणि गॅस बारीक केला. दोघी आळीपाळीने ढवळत राहिल्या. एकीचा दंड भरून आला की दुसरी चमचा घ्यायची. हळूहळू तेल आत जिरलं, गुठळ्या विरघळल्या, मिश्रण खळीसारखं चिकट झालं आणि शेवटी कुस्करलेल्या बटाट्यासारखं घट्ट.

"धरला," नवी आई म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

मळ खरवडायला तिने उरलेला कॉफीचा चोथा त्यात मिसळला. दुधाच्या रिकाम्या खोक्यात ते सगळं मुलीने दाबून दाबून भरलं.

पुढच्या आठवड्यात वड्या कापल्या. नव्या आईने एका वडीला जिभेचं टोक लावलं. सोडा उरला असता तर चुरचुरलं असतं. काही झालं नाही. तिने मुलीकडे बघून मान डोलावली.

संध्याकाळी वडिलांनी वडी हातात उलटसुलट केली. "हा साबण आहे की वीट?"

"तू चोळ तर."

फेस आला, मग तो काळा झाला. पहिलं पाणी काळं गेलं, दुसरं करडं. तिसऱ्यांदा मुलीने त्यांचा हात दिव्याखाली धरला आणि तळव्यावरून बोट फिरवलं. रेघा होत्या. नुसत्या रेघा.

"आई," तिने हाक मारली, "लवकर ये, हे बघ."

दोनच दिवसांत गॅरेजमधून मागणी आली. शाळा सुटल्यावर मुलगी डबाभर वड्या घेऊन तिथल्या नळापाशी उभी राहिली. थोराड मेकॅनिक बाह्या सरसावून रांगेत होते.

"तू केलास?" एकाने विचारलं.

"मी आणि आईने. काका, हळू चोळा, सगळ्यांना पुरला पाहिजे."